गोल जॉबवर चौकोन, षटकोन आणि खाचा: एम१टीआरसाठी इंडेक्सिंगचं कुठलं साधन घ्यावं?

मकरपुरा_मिलिंग

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (औद्योगिक वसाहतीतल्या) एका लहान शॉपसाठी सल्ला हवा आहे. मिलिंग मशीन एम१टीआर, त्यावर १५० मिमीचा वाइस आणि दोन अक्षांचा डीआरओ (टेबलाची जागा आकड्यांत दाखवणारा). आतापर्यंत सगळं चौकोनी काम होतं, आता गोल जॉब यायला लागलेत, ते ठरावीक कोनाने फिरवून (म्हणजे इंडेक्सिंग करून) कापायचे आहेत.

१) व्हॉल्व्हचा स्पिंडल, ईएन-८ पोलाद, व्यास २०, लांबी २८०. एका टोकाला १८ मिमी लांबीत १४चा चौकोन, टॉलरन्स उणे ०.१०. महिन्याला तीनशे-चारशे नग.
२) पितळी बॉडी, २५च्या बारमधून, वर २१चा षटकोन. शंभरेक नग.
३) १४० व्यासाची फ्लँज, ११० पीसीडीवर (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासावर) ८ भोकं. शिवाय तिच्याच कडेवर ९० अंशांत दोन आडवी भोकं.
४) अधूनमधून २४ दातांचं रॅचेट, १३ खाचांची चकती आणि १२५ रेघांची डायल कॉलर.

समोर पर्याय आहेत ८ इंची रोटरी टेबल, सेमी-युनिव्हर्सल डिव्हायडिंग हेड (क्रँकने फेऱ्याचे समान भाग पाडणारं), स्पिन इंडेक्सर आणि कोलेट ब्लॉक (जॉब आवळणारी चिरलेली नळी, म्हणजे कोलेट, धरणारा ठोकळा). एकदाच खर्च करून सगळं भागेल असं यातलं कुठलं?

दांडियाबाजार_टूलरूम

एकाच साधनात हे सगळं बसवायला गेलात तर चारशे नगांच्या कामाला हळू साधन आणि १३ खाचांच्या कामाला अपुरं साधन मिळेल. आधी कुठल्या जॉबला इंडेक्सिंग लागतंच आणि कुठल्याला नाही ते वेगळं करा.

फ्लँजच्या तोंडावरच्या ८ भोकांना काहीच विकत घ्यायचं नाही. डीआरओत पीसीडीचं फंक्शन असतं. केंद्र शोधा, व्यास ११०, भोकं ८, सुरुवातीचा कोन ०, इतकं भरलं की झालं. फंक्शन नसेल तर हाताने काढा: त्रिज्या ५५, म्हणून पहिलं भोक (५५, ०), दुसरं (३८.८९१, ३८.८९१), तिसरं (०, ५५), पुढची चिन्हं बदलून तीच. रोटरी टेबल फिरवून भोकं पाडण्यापेक्षा हे अचूक येतं, कारण रोटरीच्या केंद्राची आणि जॉबच्या केंद्राची चूक त्यात मिसळत नाही. फक्त पीसीडीसाठी रोटरी टेबल घेणारे बरेच भेटतात, तो खर्च वाचवा. कडेवरची दोन आडवी भोकंही फक्त ९० अंशांची आहेत. फ्लँज व्ही-ब्लॉकवर उभी करून, तोंडावरच्या भोकात पिन घालून गुण्याला टेकवली तरी होतात.

चौकोन आणि षटकोन म्हणजे ४ आणि ६ भाग. तिथे वर्म (चाक फिरवणारा स्क्रू), भोकांची प्लेट, क्रँक कशाचीच गरज नाही. कोलेट ब्लॉक घ्या, एक चौकोनी, एक षटकोनी. ब्लॉकची बाजू हाच तुमचा इंडेक्स.

उरलं रॅचेट, १३ खाचा आणि १२५ रेघा. खरं डिव्हायडिंग एवढंच. त्यासाठी ४०:१ चं हेड, म्हणजे क्रँकच्या ४० फेऱ्यांत जॉबचा एक फेरा.

मकरपुरा_मिलिंग

दादा, ब्लॉकमध्ये कोलेट ५सी प्रकारचा घ्यावा की ईआर? आणि २८० लांबीचा स्पिंडल ब्लॉकच्या मागून आरपार जाईल ना?

दांडियाबाजार_टूलरूम

तुमचा बार ब्राइट असेल आणि सगळे नग २०.०० च्या आसपास असतील तर ५सी. हा कोलेट नेमक्या मापाचाच धरतो. १९.८ चा बार २०च्या ५सी कोलेटमध्ये धरलात तर तो फक्त तोंडाशी धरला जातो, मागे मोकळा राहतो आणि एंडमिल लागली की मान हलवतो. ईआरचा एक कोलेट साधारण १ मिमीपर्यंत आवळतो, त्यामुळे काळा किंवा कमी-जास्त बार असेल तर ईआर. पण ईआरमध्ये जॉब कोलेटच्या जवळजवळ पूर्ण लांबीत असला पाहिजे. तोंडाशी १० मिमी धरून काम केलंत तर कोलेट तिरका बसतो.

आरपार जाण्याचं म्हणाल तर ५सीच्या मागच्या आतल्या आट्यांतून २०चा बार जातो. ईआर-३२ मध्ये २० हे शेवटचं माप आहे, ब्लॉकच्या मागचं भोक किती ते बनावटीवर ठरतं. दुकानात २०चा तुकडा घेऊन जा, आरपार घालून बघा, मगच पैसे द्या. पितळी २५ साठी ईआर-४० लागेल, किंवा ५सी मध्ये २५चा कोलेट.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. आवळताना दोन्ही प्रकारचे कोलेट जॉबला थोडं मागे ओढतात, आणि बारच्या मापात फरक असेल तर ही ओढ प्रत्येक नगाला वेगळी येते. तुमच्या चौकोनाची लांबी टोकापासून १८ आहे, म्हणून स्टॉप मागे लावू नका. वाइसला बाजूने फिरता स्टॉप लावा, जॉबचं टोक त्याला टेकवून आवळा, मग स्टॉप बाजूला करा.

पॅरलल_जोडी

षटकोनी ब्लॉकबद्दल एक इशारा देतो, कारण पहिल्या दिवशी सगळे इथेच अडकतात. चौकोनी ब्लॉक वाइसमध्ये आडवा ठेवला की खाली सपाट बाजू, पॅरललवर मस्त बसतो. षटकोनी ब्लॉक आडवा धरला की दोन सपाट बाजू जॉच्या अंगाला येतात आणि खाली-वर कोपरे येतात. कोपऱ्यावर बसलेल्या ब्लॉकची उंची भरवशाची नसते. कोपऱ्याला बारीक घाव असला तरी उंची बदलते.

म्हणून षटकोनी ब्लॉक उभा धरा. कोलेटचं तोंड वर, ब्लॉकची सपाट बाजू स्थिर जॉला, तळ पॅरललवर. आता एंडमिलच्या बाजूने, एक्समध्ये पास मारत कापा, वायचा आकडा डीआरओवर पक्का. एक बाजू झाली की ब्लॉक सोडा, ६० अंश फिरवा, पुन्हा त्याच स्थिर जॉला. संदर्भ नेहमी स्थिर जॉ, हलणारा जॉ कधीच नाही. तुमचे पितळी बॉडीचे नग आखूड आहेत, त्यांना ही पद्धत उत्तम. २८० चा स्पिंडल उभा धरायला वाइसखाली जागा नसते, पण त्याला चौकोन हवा, तो आडव्यातच करा.

२५ मधून २१चा षटकोन म्हणजे दर बाजूला २ मिमी खोल, कोपऱ्याचं माप २४.२५ येईल. २५ मधून जास्तीत जास्त २१.६५ चा षटकोन निघतो, गिऱ्हाईक २२ मागायला लागलं तर बार बदलावा लागेल.

मकरपुरा_मिलिंग

चौकोनासाठी खोली कशी लावू? पहिल्या नगाला ३ मिमी उतरून चारही बाजू मारल्या की १४ येईल का?

पॅरलल_जोडी

एवढ्या विश्वासाने ३ उतरू नका. वरच्या कडेला एंडमिल टेकवून झिरो घेतलात की बारच्या मापाची, रनआउटची (फिरताना मध्यापासून सरकण्याची) आणि टेकवण्याची चूक त्यात आली. २.७ उतरा, एक बाजू मारा, ब्लॉक उलटा करून समोरची बाजू मारा, झेडला हात लावू नका. आता मायक्रोमीटर लावा. समजा १४.६२ आलं. हवं आहे १३.९५, म्हणजे ०.६७ जास्त. त्याच्या निम्मं, ०.३३५, खाली उतरा. पुढच्या चारही बाजू त्याच झेडवर. ही निम्म्याची गोष्ट विसरून पूर्ण ०.६७ उतरलं की जॉब गेला, आणि पहिल्या नगाला हे फार वेळा होतं.

मापाचा मध्य १३.९५ धरा, १४.०० वर लावलंत तर कटर तापल्यावर किंवा चिप अडकल्यावर नग वरच्या बाजूने बाहेर जाईल. चिपचं गणितही असंच चालतं: ब्लॉकखाली ०.०५ची चिप राहिली तर ती बाजू ०.०५ने जास्त कापली जाते. ब्रशने झाडा, हवा मारू नका. हवेनं चिप पॅरललखाली शिरते.

अजून एक. ब्लॉकमध्ये चौकोन ब्लॉकच्या बाजूंना मध्यात येतो, बारच्या अक्षाला नाही. कोलेट आणि ब्लॉक मिळून बार ०.०४ बाजूला धरत असतील तर समोरासमोरचं माप १४ अगदी बरोबर येईल, पण चौकोन बारच्या मध्यापासून ०.०४ सरकलेला राहील. हँडव्हील बसवायच्या चौकोनाला हे चालतं. गिअर किंवा कपलिंग बसणार असेल तर चालत नाही. नवीन ब्लॉकमध्ये ग्राइंडिंगवर घासलेली पिन धरा, वाइसमध्ये चारही बाजूंनी ठेवून वर डायल फिरवा. वाचनांतला फरक सरकेच्या दुप्पट दिसतो, खरी सरक त्याच्या निम्मी.

गोरवा_प्रॉडक्शन

महिन्याला चारशे नगांसाठी मात्र ब्लॉक उलटसुलट करणं माणसाला थकवतं. चारशे नगांना १६०० वेळा वाइस उघडझाप. शेजारी कुणाकडे आडवी मिलिंग असेल, एचएमटीची एफएन-२एच वगैरे, तर दोन साइड-अँड-फेस कटर एका आर्बरवर लावा, मध्ये १४चा घासलेला स्पेसर. दोन समोरासमोरच्या बाजू एका पासात, जॉब ९० अंश फिरवला की उरलेल्या दोन. इंडेक्स फक्त दोन जागांचा. समोरासमोरचं माप स्पेसर ठरवतो, माणूस नाही.

आतल्या बाजूंमधलं अंतर स्पेसरवर आहे. पण कटरच्या आतल्या दातांचं रनआउट चौकोनाच्या मापातून वजा होतं, म्हणून स्पेसर १३.९५ असं आधी समजू नका. १४.०० लावा, एक नग मापा, मग शिम (पातळ पत्रा) घाला किंवा स्पेसर घासा. दोन्ही कटर एकाच व्यासाचे हवेत, नाहीतर एक खांदा आत आणि एक बाहेर दिसतो.

एम१टीआरवरच करायचं असेल तर लिव्हरने बंद होणारा ५सी फिक्श्चर आणि त्यावर २४ खाचांची थेट इंडेक्स प्लेट असलेला इंडेक्सर घ्या. २४ मधून २, ३, ४, ६, ८, १२ आणि २४ भाग निघतात. लिव्हर ओढा, फिरवा, पिन टक्क बसली, लॉक. चौकोन, षटकोन आणि तुमचं २४चं रॅचेटही त्यातच निघेल.

मकरपुरा_मिलिंग

मग स्पिन इंडेक्सर हाच ना तो? तो तर स्वस्त मिळतो आहे.

गोरवा_प्रॉडक्शन

नाही, दोन्ही वेगळे. स्पिन इंडेक्सरच्या मागच्या चकतीला १० अंशांवर ३६ भोकं असतात आणि बॉडीत १० भोकं वर्निअरसारखी, त्यामुळे पूर्ण अंशात कुठलाही कोन मिळतो. २४ भाग म्हणजे १५ अंश, निघतात. १६ भाग म्हणजे साडेबावीस अंश, निघत नाहीत. १३, ७, ११ यांचं तर नावच नको.

मुळात हे साधन घासकामाचं, हलक्या दाबाचं. ईएन-८ मध्ये ३ मिमी खोल १६ च्या एंडमिलने कापताना सगळा मरोड एका बारीक पिनेवर आणि बाजूच्या लॉक स्क्रूवर येतो. लॉक सैल राहिला की पिनेची भोकं ओढली जातात आणि मग प्रत्येक कोनात खेळ येतो, तो परत दुरुस्त होत नाही. पितळावर हलक्या पासाने चालेल. स्पिंडलच्या चारशे नगांसाठी नको.

पोर_रोटरी

सगळेच रोटरीच्या विरोधात दिसतात, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ८ इंची आडवी-उभी रोटरी, ९०:१, प्लेटांच्या संचासह घेतली तर डिव्हायडिंगही होतं आणि गोलाईही. क्रँकच्या एका फेऱ्यात ४ अंश. २४ भागांना ३ फेरे आणि प्लेटवरच्या २० भोकांच्या वर्तुळात १५ भोकं पुढे. १३ भागांना ६ फेरे आणि ३९च्या वर्तुळात ३६ भोकं. वर टी-स्लॉट असल्यामुळे १४० ची फ्लँज सरळ क्लॅम्प होते, चकची गरज नाही. उद्या गिऱ्हाइकाने गोलाईची खाच, कॅम किंवा बाहेरचा कंस मागितला तर डिव्हायडिंग हेडवर ते करताना जीव जातो, रोटरीवर दहा मिनिटांचं काम.

१२५ रेघांना तर प्लेटही लागत नाही. २ अंश ५२ मिनिटं ४८ सेकंद. चांगल्या टेबलाच्या कॉलरवर मिनिटांच्या रेघा आणि वर्निअरवर १० सेकंद असतात. शून्यापासूनच्या १२५ कोनांचा तक्ता छापून घ्या आणि प्रत्येक कोन जवळच्या १० सेकंदाला लावा. चूक ५ सेकंदांच्या वर जात नाही, ४० मिमी त्रिज्येवर ती एक मायक्रॉन. आधीच्या रेघेत मिळवत गेलात तर मात्र चूक साचते, म्हणून तक्ता शून्यापासूनचाच हवा.

रावपुरा_फिटर

पोरवाल्या भावांचं गोलाईबद्दल पूर्ण बरोबर. पण यादीत गोलाईचा एकही जॉब नाही. २८० चा स्पिंडल रोटरी उभी करून धरायचा तर चक, चकची बॅकप्लेट आणि टेबलाची जाडी मिळून किती पुढे येतं बघा, आणि मागे बार आरपार न्यायचा तर टेबलाच्या मधल्या टेपर भोकातून २०चा बार जातो की नाही ते मापा. टेलस्टॉक (जॉबच्या दुसऱ्या टोकाचा आधार) वेगळा घ्यावा लागतो, त्याची उंची रोटरीच्या केंद्राला जुळणारी हवी. एकट्याने उचलायचं वजनही नाही.

आता ४०:१ च्या हेडबद्दल. कलाभवनात (बडोद्याच्या तंत्रशिक्षण संस्थेत) शिकलेल्या कुणालाही सूत्र पाठ असतं: ४० भागिले भाग. चुका सूत्रात होत नाहीत, हातात होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२४ दात: ४० भागिले २४ म्हणजे १ पूर्ण फेरा आणि दोन-तृतीयांश. १८च्या वर्तुळात १२ भोकं, किंवा २१ मध्ये १४, किंवा ३९ मध्ये २६. जमेल तेवढं मोठं वर्तुळ घ्या, पिनेच्या बसण्याची चूक कोनात कमी दिसते.

१३ खाचा: ३ फेरे आणि ३९च्या वर्तुळात ३ भोकं.

सेक्टर आर्म (प्लेटवर भोकांचं अंतर दाखवणारे दोन काटे) लावताना भोकं मोजू नका, भोकांमधली अंतरं मोजा. १२ भोकं पुढे जायचं म्हणजे दोन आर्मच्या मध्ये पिन बसलेलं भोक धरून १३ भोकं दिसली पाहिजेत. इथे एकाने चुकलात तर चोवीसाव्या दातानंतर पहिल्या दाताशी जुळत नाही, आणि तोवर जॉब संपलेला असतो. म्हणून कापायच्या आधी मार्करने नुसता पूर्ण फेरा मारून बघा. २४ वेळा क्रँक फिरवून पहिल्या रेघेवर परत आलात तर सेटिंग बरोबर.

क्रँक नेहमी एकाच दिशेने. भोक ओलांडून पुढे गेलात तर एक भोक मागे घेऊन पिन बसवू नका, अर्धा फेरा मागे जा आणि पुढून परत या. वर्म आणि वर्म व्हीलमधला खेळ नेहमी एकाच बाजूला ढकललेला राहिला पाहिजे. फिरवण्याआधी हेडच्या स्पिंडलचा लॉक सोडा, कापण्याआधी आवळा. लॉक न सोडता क्रँक दामटली की वर्मचे दात घासतात. लॉक न लावता कापलं की कटरचे धक्के वर्मच्या त्याच दोन-तीन दातांवर बसतात आणि तेवढ्या जागेत खेळ वाढतो.

हेड आणि टेलस्टॉक यांची उंची जुळवण्याला आळस करू नका. टेस्ट बार दोन्ही सेंटरमध्ये धरा, वरून आणि बाजूने डायल फिरवा. २५० मिमीत ०.१० उतार राहिला तर प्रत्येक बाजू तेवढ्याच उताराने कापली जाते, समोरासमोर मिळून तो दुप्पट. १८ मिमीच्या चौकोनात १४-१५ मायक्रॉनचा निमुळतेपणा, कुणी बघत नाही. २०० मिमीच्या स्प्लाइनमध्ये ०.१६, तो हब अर्ध्यात अडकतो.

मकरपुरा_मिलिंग

काका, हे फार उपयोगी. १२५ मात्र ४०:१ वर कसं? ४० भागिले १२५ म्हणजे २५ मध्ये ८, आणि माझ्यासमोरच्या हेडच्या प्लेटांवर २५ दिसत नाही.

रावपुरा_फिटर

बरोबर बघितलंत. ब्राउन अँड शार्पच्या तीन प्लेटांत १५ ते २०, मग २१, २३, २७, २९, ३१, ३३ आणि शेवटी ३७, ३९, ४१, ४३, ४७, ४९ ही वर्तुळं असतात. त्यांत २५ नाही. सिनसिनाटीच्या प्लेटवर २५ आहे. म्हणून नुसतं 'प्लेटांसह' असं ऐकून घेऊ नका, प्लेटांवरचे आकडे वाचून आपल्या यादीशी ताडा.

पूर्ण युनिव्हर्सल हेड असेल तर डिफरेन्शियलने, म्हणजे गिअर लावून क्रँकबरोबर प्लेटही सरकवून, होतं. १२० भाग धरा, क्रँक एक-तृतीयांश, म्हणजे २१ मध्ये ७. गिअरचं प्रमाण १२५ वजा १२०, गुणिले ४०, भागिले १२०, म्हणजे ५ भागिले ३: स्पिंडलकडचा ४० आणि प्लेटकडचा २४ दातांचा. १२५ हे १२०पेक्षा जास्त असल्यामुळे प्लेट क्रँकच्या उलट दिशेने सरकली पाहिजे, त्याप्रमाणे आयडलर (मधले, फक्त दिशा बदलणारे गिअर) एक की दोन ते ठरवा. प्लेटमागची अडकवणारी पिन काढायला विसरू नका. गिअर लावून ती तशीच राहिली तर काहीतरी तुटतं. हीच रीत १२७ला: १२० धरून ७ भागिले ३, म्हणजे ५६ आणि २४.

सेमी-युनिव्हर्सलला ही गिअरची सोय नसते. त्यावर १२५ साठी सरळ २५ भोकांची प्लेट करून घ्या. एम१टीआरवर डीआरओच्या पीसीडी फंक्शनने २५ भोकं पाडणं हे तुम्ही फ्लँजवर करणारच आहात तसंच काम आहे. भोकाच्या जागेत ०.०२ चूक राहिली तरी ती ४० ने भागून स्पिंडलपर्यंत येते, काळजी नको. रीमरने सगळी भोकं एकाच मापाची करा आणि पिनेचा टोकदार कोन भोकाच्या कडेला बसतो आहे ना ते बघा.

पोर_रोटरी

ही प्लेटची युक्ती ९०:१ लाही चालते, २५ मध्ये १८. बाकी यादीत गोलाई नाही हे मान्य. तरी कंस येणारच, तेव्हा रोटरी आठवा.

सयाजीगंज_स्टेपर

कुणी क्रँकच्या जागी स्टेपर मोटर आणि कंट्रोलर लावायचा विचार करत असेल तर एकच मुद्दा. २०० स्टेपची मोटर ९०:१ वर म्हणजे एका फेऱ्याला १८००० स्टेप, एका स्टेपला ०.०२ अंश. १३ भागांना १३८४.६१५ स्टेप येतात. प्रोग्रॅममध्ये दरवेळी १३८५ मिळवलं तर १३ खाचांनंतर ५ स्टेप जास्त, म्हणजे ०.१० अंश. ६० मिमी त्रिज्येवर ०.१०५ मिमी. प्रत्येक जागा शून्यापासून गुणून मग पूर्णांक करा, चूक साचणार नाही. मायक्रोस्टेपने आकडा बारीक दिसतो, अचूकता तेवढी वाढत नाही. आणि मोटर पकडून धरते म्हणून लॉक लावायचं सोडू नका.

दांडियाबाजार_टूलरूम

जुनं हेड बघणार असाल तर हे तपासा. राजकोटहून किंवा बटाल्याकडून नवी मिळतात, पण जुन्या बाजारात चांगलं हेड मिळालं तर ते नव्या हलक्या हेडपेक्षा मजबूत असू शकतं.

लॉक सोडून, पिन भोकात बसवून, चकमध्ये ३०० मिमीचा बार आडवा धरून टोक हलवा आणि तिथे डायल लावा. मग स्पिंडल दर ३० अंशांवर फिरवत हेच करा. सगळीकडे सारखा खेळ असेल तर वर्मच्या एक्सेंट्रिकने कमी करता येतो. एका जागी जास्त आणि दुसरीकडे कमी असेल तर वर्म व्हील एका जागी झिजलंय. तो खेळ काढायला गेलात तर न झिजलेल्या बाजूला हेड जाम होईल. असं हेड सोडून द्या.

स्पिंडलच्या टेपरमध्ये बोट फिरवा, चक फिरल्याचे ओरखडे लगेच कळतात. सेक्टर आर्म, प्लेटांचा पूर्ण संच, टेलस्टॉक आणि तळाच्या टेनन-की (टी-स्लॉटमध्ये बसणाऱ्या पट्ट्या) आहेत का बघा. टेननची रुंदी तुमच्या टी-स्लॉटला जुळली पाहिजे, नसेल तर नव्या बनवायला सोप्या आहेत. टेलस्टॉक हरवलेला असेल तर त्याच उंचीचा दुसरा शोधणं कठीण जातं.

आणि वर्म बॉक्सचं तेल काढून बघा. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं होतं, त्यात भिजलेली यंत्रं नंतर बाजारात फिरली असणारच. तेल दुधाळ असेल किंवा प्लेटच्या भोकांत गंज असेल तर आतल्या बेअरिंगचंही तेच झालंय असं धरा.

मकरपुरा_मिलिंग

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवतोय: चौकोनी ५सी ब्लॉक आणि षटकोनी ५सी ब्लॉक, २० आणि २५ चे दोन-दोन कोलेट लगेच. त्यावर एक महिना स्पिंडल काढून नगाला वेळ किती लागतो ते मोजतो आणि मग २४ खाचांचा लिव्हरवाला इंडेक्सर. डिव्हायडिंग हेड जुनं, टेलस्टॉकसह, सावकाश शोधतो. रोटरी आत्ता नाही. एक शेवटचं: ईएन-८ वर चौकोनासाठी १६ ची एचएसएस एंडमिल, चार दाती, स्पीड-फीड काय ठेवू? आणि ब्लॉक ९० अंश फिरवताना कोपऱ्यावर बर (कापल्यावर उरणारी बारीक धार) येतो त्याचं काय?

पॅरलल_जोडी

एचएसएसला २५ मीटर धरा, म्हणजे ५०० आरपीएम. दाताला ०.०५, चार दात, म्हणजे मिनिटाला १०० मिमी. कूलंट भरपूर. कार्बाइड लावलीत तर ९० मीटरला साधारण १८०० आरपीएमवर जा, पण मग जॉब तोंडापासून २५ मिमीपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, लांबला की थरथर सुरू होते.

बर जॉबच्या कोपऱ्यावर येतो, ब्लॉकवर नाही, त्यामुळे बसण्यात अडचण येत नाही. फक्त समोरासमोरचं माप घेण्याआधी कोपरा फाइलने मोडा, नाहीतर मायक्रोमीटर बरवर बसतो आणि तुम्ही ०.०३ जास्त उतरता. २० मधून १४ चा चौकोन म्हणजे कोपऱ्याचं माप १९.८०, तेव्हा कोपरे जवळजवळ धारदारच येतात. चारही बाजू झाल्यावर ०.५ चा चॅम्फर मारून द्या, हँडव्हील बसवणाऱ्याचा हात कापणार नाही.

रावपुरा_फिटर

कोलेट घेताना २०चे दोन घेताय ते योग्य. आणि पावसाळ्यात ब्लॉक आणि कोलेट संध्याकाळी पुसून तेलाच्या फडक्यात ठेवा. कोलेटच्या चिरांत कूलंट राहिला की आठवड्यात गंज धरतो आणि मग कोलेट एका बाजूने आवळतो.